रकान्यात न मावणारी मराठी नावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम करतो. शिष्यवृत्ती, दाखले, पीकविमा, परीक्षा असे अर्जांचे विषय बदलत राहतात. अर्जदार अडतो तो मात्र बहुधा पहिल्याच रकान्यात, स्वतःचे नाव लिहिताना. दोष लोकांच्या संगणक-अज्ञानाचा मानला जातो. माझ्या अनुभवात तो बऱ्याचदा रकाना तयार करणाऱ्याचा असतो.

'ज्योत्स्ना' हे नाव घ्या. वाचणाऱ्याला त्यात दोनच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिपिचिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, मात्र प्रत्येक व्यंजन, हलन्ताचे चिन्ह, काना आणि मात्रा यांना वेगवेगळा संकेतांक असल्याने संगणक तेथे १० चिन्हे मोजतो, आणि मर्यादा बाइटमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या एककात, घातलेली असेल तर यूटीएफ-८ या साठवणुकीच्या नेहमीच्या पद्धतीत दर मराठी चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने तेच नाव ३० बाइटचे होते. इंग्रजी नावांवरून ठरवलेली मर्यादा मराठीला तशीच लावली की वडिलांचे नाव कसेबसे बसते आणि आडनाव मध्येच छाटले जाते. 'फक्त अक्षरे लिहा' हा नियम याहून विचित्र आहे. युनिकोडच्या वर्गीकरणात काना, वेलांटी, अनुस्वार ही 'अक्षरे' नसून 'खुणा' आहेत; त्यामुळे प्रोग्रामरने केवळ अक्षरांच्या वर्गाला परवानगी दिली असेल तर 'कमल' स्वीकारले जाते आणि 'कमला' नाकारले जाते. समोर बसलेल्या आजींना हे कसे समजावायचे, ते मला अजून साधलेले नाही.

'कऱ्हाडे' या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे टंकलिखित होतो: एकदा नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ-ने, एकदा साध्या र-ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन निराळी आडनावे वाटतात आणि 'नाव जुळत नाही' असा शेरा येतो. नाव रोमन लिपीत लिहून घेऊन शेजारच्या रकान्यात आपोआप मराठी उमटवण्याची सोय तर अनेकदा गैरसोयच ठरते, कारण रोमनमध्ये ल आणि ळ यांना एकच अक्षर आहे. काळे यांचे 'काले' झालेले कोणाच्या लक्षात आले नाही, की पुढे प्रतिज्ञापत्राचा खर्च आलाच.

१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांची नावे शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदवण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. नावाचे भाग चार झाले. मी भरतो त्यांतील काही अर्जांत रकाने अजून तीनच आहेत, आणि आईचे नाव कोठे घुसवायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. दाखल्यावर जसे आहे तसे पूर्ण नाव लिहिण्यासाठी एकच रुंद रकाना ठेवला, तर हा प्रश्न बराचसा मिटेल.

सूचनांविषयीही थोडे लिहितो. रकान्याच्या आत फिकट करड्या रंगात लिहिलेली सूचना पहिले अक्षर उमटताच नाहीशी होते; वयस्कर अर्जदाराला ती मुळात दिसतच नाही, आणि दिसली तर रकाना आधीच भरलेला आहे असे वाटते. ती रकान्याच्या वर, ठळक आणि कायम असावी. पिनकोड ४१५००१ ऐवजी 415001 असाच हवा असेल, तर ते रूपांतर संगणकाने करावे. शून्य ते नऊ या दहा अंकांची ही अदलाबदल त्याला क्षणाचेही काम नाही. चूक झालीच तर ती त्याच रकान्याखाली मराठीत सांगावी आणि भरलेला बाकीचा मजकूर पुसू नये.

कोणताही अर्ज लोकांसाठी खुला करण्यापूर्वी तो तयार करणाऱ्यांनी ज्योत्स्ना, कमला, काळे आणि कऱ्हाडे ही चार नावे मोबाइलच्या मराठी कळफलकावरून स्वतः भरून पाहावीत, अशी संबंधित विभागांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक अर्जसेवा चालक, जि. सातारा