नालेसफाईचा गाळ येतो कुठून?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की आपल्या दैनिकात नालेसफाईच्या टक्केवारीच्या बातम्या सुरू होतात. किती नाले झाले, किती राहिले, ठेकेदाराने काठावर टाकलेला गाळ उचलला की नाही. या बातम्या हव्यातच, कारण काठावरचा गाळ पहिल्याच सरीला पुन्हा नाल्यात जातो. पण उपसलेला नाला वर्षभरात परत का भरतो, हे फारसे कुणी विचारत नाही. मृदसंधारणाच्या कामात नोकरी केलेला आणि आता कळव्यात राहणारा वाचक म्हणून हे पत्र लिहितो आहे.

नाल्यात प्लास्टिक आणि सांडपाण्याची घाण असते हे खरेच. पण पोकलेन खाली घातल्यावर जे वजनदार वर येते, त्यात माती, मुरूम आणि दगडाची बारीक भुकटी भरपूर असते. ती डोंगरावरून येते. येऊर आणि पारसिक या आपल्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर उतार तीव्र आणि काळ्या कातळावरचा मातीचा थर पातळ. कारवी, गवत आणि पालापाचोळा असेल तर पावसाचा थेंब त्यावर फुटतो आणि पाणी सावकाश मुरते. जमीन उघडी असेल तर तोच थेंब मातीची ढेकळे फोडतो, सुटलेले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात, मुरणारे पाणी वाहू लागते. आधी बोटभर ओघळी पडतात, दोन-तीन पावसाळ्यांत त्यांच्या घळी होतात. मोठ्या सरीनंतर येऊरच्या जंगलातून येणारा ओहोळ आणि डोंगर कापून चाललेल्या बांधकामाखालचा नाला, दोन्हींचे पाणी एकाच दिवशी काचेच्या ग्लासात घेऊन पाहावे. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो.

पारसिकच्या रांगेत मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत दशकानुदशके दगडखाणी चालल्या. खाणीआधी वरची माती खरवडून कडेला ढीग लावतात आणि ते ढीग तसेच राहतात. उन्हाळ्यात वणवे लावले जातात, म्हणजे जूनमध्ये पाऊस येतो तेव्हा उतारावर गवताची काडी उरलेली नसते. कर्जत, नेरळ, मुरबाडकडे सेकंड होमच्या प्लॉटसाठी टेकड्यांना जेसीबीने पायऱ्या पाडल्या जातात, कच्चे रस्ते काढले जातात. तिकडची माती उल्हास आणि तिच्या उपनद्यांमधून आपल्याच खाडीकडे येते. बांधकाम चालू असताना उघड्या जमिनीवरून वाहून जाणारी माती शेतजमिनीच्या कित्येक पट असते, हे जगभर मोजले गेले आहे. इमारत उभी राहिली, फरशी बसली की धूप थांबते. पण आपल्याकडे एक काम संपते तोवर शेजारचा डोंगर कापायला घेतलेला असतो.

भातखाचरांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायलाच हवे. घोडबंदर पट्ट्यात, दिव्याकडे, कल्याण-शीळ रस्त्याला जी खाचरे होती, त्यांचे बांध पाणी अडवत आणि पाण्याबरोबर आलेली माती खाचरात बसत असे. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये ही गाळ अडवणारी व्यवस्था फुकट चालू होती आणि तिची देखभाल शेतकरी स्वतःच्या घामाने करत होता. तो बांध घालत होता भातासाठी, फायदा मात्र खालच्या खाडीचाही होत होता. त्या खाचरांवर भराव पडला आणि वरचे गढूळ पाणी सरळ सिमेंटच्या गटारात आले. कुठल्याही प्रकल्प अहवालात या नुकसानीचा हिशेब माझ्या पाहण्यात आलेला नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते.

यावर मिळणारे उत्तर ठरलेले असते: पाऊस बदलला. तो बदलला आहेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या 2017 मधील अभ्यासात, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसले. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. आणि धूप ठरते ती पावसाच्या जोरावर. दिवसभराच्या रिपरिपीत जात नाही तेवढी माती तासाभराच्या मुसळधारेत जाते. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, ते उल्हासचे रूप आपण पाहिले आहे. पण पाऊस जोराचा झाला म्हणून डोंगर उघडा टाकायची मुभा मिळत नाही. उलट असा पाऊस येणार हे माहीत असताना उतार बोडका ठेवणे हा जास्त मोठा गुन्हा आहे.

देशभरात दरवर्षी सुमारे 533 कोटी टन माती सुटते, म्हणजे हेक्टरी सरासरी 16 टनांहून अधिक, असा अंदाज 1983 मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू या मृदसंधारण शास्त्रज्ञांनी मांडला होता. त्यातली 29 टक्के समुद्राला मिळते आणि 10 टक्के धरणांत साचते. आपल्याकडे ती खाडीत थांबते. खाऱ्या पाण्याची गाठ पडली की चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. थोडा गाळ खाडीला हवाच. त्यावरच चिखलाचे पट्टे, तिवरे म्हणजे खारफुटी, आणि 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळालेल्या ठाणे खाडीतले फ्लेमिंगो जगतात. मात्र पात्र उथळ होत गेले की होडीला वाट उरत नाही आणि कोळी बांधवांना भरतीची वाट पाहत बसावे लागते.

नवी मुंबईचे धारण तलाव पाहा. भरतीच्या वेळी शहरातले पावसाचे पाणी साठवून ओहोटीला सोडायचे, यासाठी ते बांधले. त्यांत गाळ साचत गेला, गाळावर तिवरे उगवली, आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे आता उपसा करायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. तिवरे वाचलीच पाहिजेत. वेळेत माती वर अडवली असती तर हा पेच उभाच राहिला नसता.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना माझी विनंती आहे. उतारावर खोदकामाची परवानगी देताना 15 मेनंतर माती कापायची नाही, उघडा उतार काथ्याच्या जाळीने किंवा वाळ्यासारख्या खोल मुळांच्या गवताने झाकायचा आणि पाणी बाहेर पडते तिथे गाळ बसायला खड्डा ठेवायचा, अशी अट घालावी. ती पाळली नाही तर काम थांबवावे. बंद खाणींत समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत खोदलेले चर, आणि दगडी बांध घालायला वन विभागाला बरोबर घ्यावे. नालेसफाईच्या खर्चातला काही भाग दरवर्षी याच कामासाठी राखून ठेवावा. आणि प्रत्येक नाल्यातून किती गाळ निघाला, त्यात माती किती आणि कचरा किती, हे प्रभागवार जाहीर करावे. कोणत्या डोंगरावरून माती सुटते आहे, हे त्या आकड्यांवरून एका पावसाळ्यात कळेल आणि पुढच्या वर्षी काम कुठून सुरू करायचे तेही ठरवता येईल.

आपला,
एक निवृत्त मृदसंधारण कर्मचारी,
कळवा, ठाणे