पँटो मुका नसतो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नाताळ पुरवणीतल्या इंग्लंडवरच्या लेखात ‘पँटोमाइम म्हणजे तिकडचा मूकाभिनय’ असे वाक्य आहे. वाचून हसू आवरेना, कारण पँटोमाइम, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘पँटो’, हे नाताळच्या सुमारास होणारे परीकथेवरचे धमाल विनोदी नाटक असते, आणि गेली सहा वर्षे मी यॉर्कशायरमधल्या आमच्या लहानशा गावाच्या पँटोत पडेल ते काम करतो. मागच्या वर्षी गाईचे मागचे पाय होतो. गाईच्या पोटात वाकून बसलेल्या माणसालाही कानात बोटे घालाविशी वाटतील, एवढा गोंगाट तिथे असतो.

नाव फसवे आहे, हे खरे. अठराव्या शतकात जॉन रिच या नटाचा हार्लेक्विन, म्हणजे रंगीबेरंगी कपड्यांतला विदूषक, न बोलताच लोकांना हसवायचा. बोलकी नाटके करण्याचा परवानाही तेव्हा लंडनमध्ये मोजक्याच थिएटरांना होता. १८४३च्या कायद्याने ते बंधन उठले आणि पँटोला जे तोंड फुटले ते आजतागायत मिटलेले नाही. गोष्ट सिंडरेला, अलादीन किंवा जादूच्या वेलावर चढणाऱ्या जॅकची, सगळ्यांना पाठ असलेली. खलनायक रंगमंचाच्या डाव्या बाजूनेच येणार आणि तो दिसताच पोराटोरांनी ‘बूऽऽ’ करून त्याला हैराण करायचे. नायकाच्या पाठीमागे भूत उभे राहिले की अख्खे सभागृह ओरडते, ‘अरे, मागे बघ!’ तो नेमका उलट्या बाजूला बघतो. चार वर्षांचे पोर खुर्चीवर उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडते, शेजारची आजीही तेवढ्याच जोरात. मोठ्यांसाठी दुहेरी अर्थाचे विनोद असतात, ते मुलांच्या डोक्यावरून जातात. निदान आम्ही तसे धरून चालतो.

आणि ती ‘डेम’! म्हणजे बहुधा नायकाची आई, पण काम करणार पुरुष. आपल्या गणगौळणीतली मावशी आठवा, तीच जातकुळी. बालगंधर्वांसारखे बाईहून देखणे दिसणे इथे अपेक्षितच नाही. दाढीचे खुंट दिसले तर उत्तम. आमच्या गावची डेम एरवी नळदुरुस्ती करते. मी पहिल्यांदा पँटो पाहिला तेव्हा मला ‘अलबत्या गलबत्या’मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आठवली होती.

मोठ्या शहरांतल्या पँटोत टीव्हीवरचे चेहरे असतात, तिकिटेही तशीच महाग. माझा जीव गावातल्या पँटोवर. सप्टेंबरात तालमी सुरू होतात, प्रयोग जानेवारीअखेर. पडदे निवृत्त शिक्षिका रंगवतात, मध्यंतरात चहा आणि रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत. संहितेच्या शेवटच्या दोन यमकी ओळी तालमीत म्हणायच्या नाहीत, अपशकुन होतो, हा नियम मात्र सगळे भक्तिभावाने पाळतात. मला इथे येऊन जेमतेम वर्ष झाले होते, कुणाशी ओळख नव्हती. वाण्याच्या दुकानात एका बाईंनी विचारले, ‘पाठ वाकवून चालता येते का?’ तेवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली.

हे सगळे लिहायचे कारण, पुण्यात माझ्या भावाच्या सोसायटीत गणपतीत आता ऑर्केस्ट्रा मागवतात. आमच्या लहानपणी चाळीच्या गणपतीत नाटक बसायचे, त्यात शिवाजी पहिल्या मजल्यावरचा आणि अफझलखान तिसऱ्या. संवाद विसरला की प्रेक्षकांतूनच पुरवला जायचा. ते बंद का पडले, असे विचारले तर भाऊ म्हणतो, ‘हल्ली दर्जा लागतो.’ आमच्या पँटोला दर्जा कधीच नव्हता, तरी हॉल दरवर्षी भरतो. पुढच्या नाताळात मूकाभिनयाऐवजी त्यावर लिहा, आणि जमल्यास भावाच्या सोसायटीलाही एक अंक पाठवा.

यंदा आमच्याकडे ‘सिंडरेला’ आहे, म्हणजे गाईला सुट्टी. पण बग्गीला घोडा लागतो, आणि त्याचे मागचे पाय कोण होणार हे गावाने मला न विचारताच ठरवले आहे.

आपला,
यॉर्कशायरमधील एक वाचक