अपडेट टाकू का, असं विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

"फोन रोज अपडेट मागतोय, टाकू का?" एवढंच विचारलं होतंस. हो किंवा नाही असं उत्तर तुला हवं होतं, हे कळतं मला. पण या विषयावर सध्या माझं डोकं इतकं फिरलंय की एका शब्दात भागणार नाही. सवड काढून वाच.

माझ्या फोनवर मध्यंतरी मोठा अपडेट आला. फोन कुठल्या कंपनीचा ते तुला ठाऊक आहे. नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा असता तरी पत्र थोड्याफार फरकाने हेच झालं असतं. टाकल्या टाकल्या फोन तापला, बॅटरी भराभर उतरू लागली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोठ्या अपडेटनंतर फोन सगळ्या फोटोंची यादी नव्याने करतो, अ‍ॅपं नव्या सिस्टीमसाठी पुन्हा तयार करतो, आणि हे काम एखाद-दोन दिवस आतल्या आत चालू असतं. ते समजून घेतलं. पण नंतर काय? फोन कानाला लावला की स्क्रीन बंद व्हायला हवी, ती होईना. गालाने म्यूट दाबलं जातं, मी बोलत राहतो आणि पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून कंटाळून फोन ठेवतो. मेसेज तासाभराने, तेही एकदम घोळक्याने येतात. बॅटरी वाचवायची म्हणून सिस्टीमने मेसेजचं अ‍ॅपच झोपवून ठेवलं होतं. त्या अ‍ॅपला मी पूर्वी सेटिंगमध्ये जाऊन सूट दिली होती. अपडेटने ती न विचारता काढून घेतली.

सगळ्यात जास्त संताप आला तो अक्षरांचा. काही अ‍ॅपांत मराठी ओळींची वरची बाजू कापली जायला लागली, रफार आणि मात्रा अर्ध्यातच गायब. दुसरीकडे 'ल' आणि 'श' अचानक हिंदी वळणाचे दिसू लागले. तू म्हणशील, वाचता येतंय ना, मग झालं. झालं कसं? युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-फोनांवरच्या अक्षरांच्या सर्वमान्य सांकेतांकांत, मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांचा सांकेतांक एकच असतो. कुठल्या वळणाचा दाखवायचा ते फाँट ठरवतो, आणि त्यासाठी मजकूर मराठी आहे हे सिस्टीमने फाँटला सांगावं लागतं. नव्या आवृत्तीत ते सांगणं कुठेतरी राहून गेलं असणार. हा बग कोणाच्या यादीत कितव्या क्रमांकावर असेल याची कल्पना कर. कॅमेऱ्यात नवी गंमत घालणाऱ्यांच्या बैठकीत 'श'च्या शेपटीचा विषय निघत नसतो.

तरीही बग कधीतरी दुरुस्त होतात. जे मुद्दाम, विचारपूर्वक, सुधारणा म्हणून बदललं जातं त्याचं काय करायचं?

माझ्या आईची वही तुला आठवत असेल. फोन कसा वापरायचा ते तिने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय. "खालचं मधलं गोल बटण दाबणे. मग घर दिसते." "फोटो पाठवायचा असेल तर तीन ठिपक्यांची खूण." प्रत्येक पायरी तिने मला विचारून, करून बघून, मग लिहिलेली. आता नव्या फोनांत खाली बटणंच नसतात. २०१७ च्या आयफोन एक्सने होमचं बटण काढलं, अँड्रॉइड १० मध्ये २०१९ साली पूर्ण बोटांच्या खुणांवर चालणारी पद्धत आली, आणि हळूहळू तीच सगळीकडे पसरली. खालून वर सरकव म्हणजे घर, सरकवून थांब म्हणजे उघडी अ‍ॅपं, कडेवरून आत सरकव म्हणजे मागे. सराव झाला की हे झटपट होतं, मलाही आवडतं. पण स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही. बटण डोळ्यांना दिसतं, ते दाबून बघता येतं. खूण कोणीतरी शिकवावीच लागते. आणि कडेवरून सरकवणं वहीत लिहिणार कसं? आईने प्रयत्न केला, बाण काढून बघितले, शेवटी ते पान खोडलं.

आईच्या फोनवर बटणांची जुनी पद्धत सेटिंगमध्ये अजून शिल्लक आहे, तीच मी तिला चालू करून दिली. पण कॉल घ्यायची हिरवी खूण आता दाबायची नसून सरकवायची आहे, त्याला पर्याय मला सापडला नाही. दोनदा-तीनदा दाबून ती म्हणते, "फोन बिघडला." मी म्हणतो, "बिघडला नाही, बदलला." त्यावर तिचं म्हणणं असं की दोन्हींत तिला फरक दिसत नाही. मला त्याचं उत्तर सुचलेलं नाही.

आणि हे बदल करणाऱ्यांना तरी त्यांची खात्री असते का? २०२४ मध्ये आयफोनच्या आयओएस १८ या सिस्टीमने फोटोंच्या अ‍ॅपमधले खालचे टॅब काढून सगळं एकाच लांबलचक पानावर आणलं. लोकांनी आरडाओरडा केला. पुढच्याच वर्षी आयओएस २६ मध्ये (मधले आकडे अ‍ॅपलने वगळले) टॅब परत आले. मधलं वर्षभर ज्यांनी निमूटपणे नवी सवय लावून घेतली, त्यांनी आता ती मोडायची. त्याच आयओएस २६ मध्ये सगळं पारदर्शक काचेसारखं करून टाकलं. दिसायला देखणं, पण मागे फोटो असला की वरची अक्षरं वाचताना डोळे बारीक करावे लागतात. मग २६.१ मध्ये ती काच थोडी गडद करायची सोय दिली. जे पहिल्याच दिवशी कोणीही वाचून सांगितलं असतं, त्यावरची सोय कोट्यवधी फोनांवर पाठवून झाल्यावर आली.

तुझं म्हणणं मला माहीत आहे, की हे सगळं मुद्दाम करतात, जुना फोन नकोसा व्हावा म्हणून. पूर्ण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. २०१७ च्या सुरुवातीच्या एका अपडेटपासून अ‍ॅपल जुन्या आयफोनांचा वेग कमी करत होतं, आणि ते डिसेंबरमध्ये उघड झालं. कारण सांगितलं गेलं की बॅटरी थकली की फोन अचानक बंद पडतो, तो पडू नये म्हणून. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. पण ते लोकांना आधी सांगितलं नव्हतं. बॅटरी बदलली तर वेग परत येतो, हे न कळल्याने कितीतरी जणांनी नवा फोन घेतला असेल. इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. सॅमसंगने नोट ४ वापरणाऱ्यांना जो अपडेट टाकायला लावला, तो मुळात नव्या नोट ७ साठी केलेला होता. मला त्या निकालातला एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. फोन मंद झाला हे तर झालंच, पण ग्राहकाला पूर्वीच्या स्थितीत परत जाण्याचा धड मार्गही दिला नव्हता.

खरी गोम इथे आहे. कट-कारस्थानाच्या गोष्टीत आपण उगाच अडकतो. मला वाटतं, बहुतेक त्रास दुष्टपणाने होत नाही, घाईने होतो. नवा फोन ठरलेल्या महिन्यात बाजारात येणार, म्हणून सिस्टीमही त्या दिवशी तयार असलीच पाहिजे. ती तयार आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. तपासणी बरीचशी कोऱ्या फोनांवर होत असावी. तुझ्या-माझ्या फोनात वर्षानुवर्षांचे फोटो, काठोकाठ भरलेली जागा आणि दोनशे उद्योगांची अ‍ॅपं असतात. म्हणून अपडेट आधी थोड्या लोकांना पाठवतात, बोंब झाली नाही तर बाकीच्यांना. म्हणजे चाचणी आपणच करतो. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ टाकल्यावर आयफोन ६ ची रेंजच गेली आणि बोटाचा ठसा चालेना. तो अपडेट तासा-सव्वातासात मागे घेतला, दुसऱ्या दिवशी दुरुस्तीही आली. पण त्या वेळात ज्यांनी तत्परता दाखवली ते अडकले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ ने गूगलच्या काही पिक्सेल फोनांवर याहून वाईट केलं. एकाच फोनवर एकाहून जास्त प्रोफाइल, म्हणजे वेगवेगळी खाती, असतील तर मालकाला स्वतःच्याच फायली उघडेनात.

मग तू म्हणशील, टाकतच नाही. हेही जमण्यासारखं नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी सापडली. एक विशिष्ट व्हिडिओ असलेला एमएमएस येऊन पडला तरी फोनचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकत होता, तुला काही उघडायचीही गरज नाही. त्यानंतरच दर महिन्याला सुरक्षेचे पॅच, म्हणजे छोट्या दुरुस्त्या, द्यायची पद्धत गूगलने सुरू केली. बँकेचं सगळं फोनवर असताना ते पॅच टाळणं म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणं. आणि नेमका याच गरजेचा फायदा घेतला जातो. कुलूप दुरुस्त करायला बोलावलेला माणूस आत शिरून सगळं फर्निचर हलवून जातो, आणि वर सांगतो की कुलूप हवं असेल तर हेही घ्यावं लागेल.

दोन्ही वेगळं देता येत नाही असं अजिबात नाही. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आयओएस १५ आलं तेव्हा आयओएस १४ वर राहून फक्त सुरक्षेचे पॅच घ्यायची मुभा दिली होती. मला ती इतकी शहाणपणाची वाटली की आता हा प्रश्न सुटला असं मी धरून चाललो. जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं गेलं की ती सोय तात्पुरतीच होती. २०२३ मध्ये सुरक्षेच्या झटपट दुरुस्त्या वेगळ्या पाठवायला सुरुवात झाली, तर जुलैमधल्या दुरुस्तीने काही वेबसाइट नीट दिसेनाशा झाल्या आणि ती परत घ्यावी लागली. तिथे एक गोष्ट मात्र चांगली होती, ही छोटी दुरुस्ती वापरणाऱ्याला स्वतः काढून टाकता येत होती. मोठ्या अपडेटला तशी सोय नाही. जुनी आवृत्ती परत टाकू दिली तर चोरालाही जुनी भोकं परत उघडता येतील, म्हणून परतीचा रस्ता बंद करतात. युक्तिवाद मला पटतो. पण मग जिथून परत येता येत नाही अशा ठिकाणी ढकलताना माणसाला नीट विचारायला तरी हवं. विचारतात कसं ते तू पाहिलंच आहेस: 'आत्ता टाका' आणि 'रात्री टाका'. 'नको' असं बटणच नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आधी बघ, मागतोय ते काय आहे. नुसता सुरक्षेचा मासिक पॅच असेल, काहीशे एमबीचा, तर टाकून मोकळा हो. आवृत्तीचा आकडाच बदलत असेल, म्हणजे अख्खी नवी सिस्टीम येत असेल, तर थांब. पहिली दुरुस्ती येऊन गेली की मग टाक. थोडे आठवडे थांबल्याने सहसा बिघडत नाही, महिनोन् महिने मात्र लोटू नकोस. तोवर आपोआप टाकायचं सेटिंग बंद करून ठेव, नाहीतर रात्री चार्जिंगला लावलास की सकाळी वेगळाच फोन हातात येईल. टाकण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घे, हे मात्र चुकवू नकोस. फोनमध्ये थोडी जागा रिकामी कर. बँकेच्या अ‍ॅपचे पासवर्ड आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनचे राखीव कोड कागदावर लिहून ठेव. आणि टाकल्यावर एकेका अ‍ॅपचं बॅटरीचं सेटिंग पुन्हा तपास. विशेषतः अलार्म आणि मेसेज, कारण तिथेच गुपचूप बदल होतात.

हे सगळं करायला एक अख्खा रविवार जाईल. त्याचा हिशोब कुठलीच कंपनी धरत नाही.

सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडून मॉडेल, आत्ताची आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची तारीख एवढं कळव. तारीख फार जुनी असेल तर माझा थांबण्याचा सल्ला तुला लागू नाही, आणि कंपनीने तुझ्या मॉडेलला पॅच देणंच बंद केलं असेल तर आपल्याला वेगळंच काही ठरवावं लागेल. ते बघितल्याशिवाय काही दाबू नकोस.

तुझा,
मी