आकाशीच्या काउंटरवरच्या काकूंना

प्रिय काकू,

शाळेत मी तुम्हाला आडनावापुढे ‘सान’ लावून हाक मारायची. सांगलीला आईशी फोनवर बोलताना मात्र पहिल्या महिन्यापासून तुम्ही ‘काउंटरवरच्या काकू’ होतात, आणि आई अजूनही त्याच नावानं तुमची चौकशी करते. नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून इथेही काकूच म्हणते. जपानीत आभार मानायला गेले की तुम्ही दोन्ही हात हलवत ‘छे छे’ म्हणता आणि माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून हे मराठीत लिहितेय. शिवाय इंग्रजी शिकवायला जपानला जावं का, असं विचारणाऱ्या आपल्याकडच्या मुलींचे निरोप मला सारखे येतात. त्यांनीही हे वाचावं. तुम्हाला समोर बसवून मीच वाचून दाखवीन.

२०१८ च्या सप्टेंबरात मी जपानमधल्या आकाशीला आले. स्टेशनपासून सात मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर, तीन छोट्या खोल्या आणि एक काउंटर एवढीच आपली इंग्रजीची शाळा. जपानची घड्याळं ज्या १३५ अंश रेखावृत्तावर चालतात ते याच गावातून जातं, हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात सांगितलंत. आपलं साडेब्याऐंशी. मध्ये साडेतीन तास. रात्री नऊला शेवटचा तास सुटायचा तेव्हा सांगलीत साडेपाच वाजलेले असायचे आणि आई चहाचं आधण ठेवत असायची. माझ्या खोलीत इंटरनेट यायला दीड महिना लागला. तोवर रोज नऊनंतर तुम्हाला काउंटर पुसायला पंधरा मिनिटं जास्त लागत होती. पुसायला तिथे काही नसायचं. मी घरी बोलून घ्यावं म्हणून तुम्ही दिवे मालवत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

व्हिसासाठी मी पहिली ते बारावी इंग्रजी माध्यमात शिकल्याचे दाखले दिले होते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा शिक्षकांकडून ती बारा वर्षं कागदोपत्री मागतात. सरकारला ते दाखले पुरले, शाळेच्या मालकांना पुरले नाहीत. जिन्यापाशी लावलेल्या फलकावर ‘नेइतिबु’, म्हणजे ‘नेटिव्ह’, शिक्षक असं लिहिलेलं होतं, आणि त्या शब्दातून जपानी पालकांच्या डोळ्यांपुढे जो चेहरा येतो तो माझा नव्हता. मला सांगण्यात आलं, पालकांनी विचारलं तर इंग्लंडमध्ये वाढले म्हणायचं. तुम्हालाही तेच सांगितलं होतं. मी ‘हो’ म्हणाले. ते ‘हो’ मला आजही बोचतं. पण परतीच्या तिकिटाचे पैसे माझ्याकडे नव्हते.

पहिल्याच नमुना-तासाला तिसरीतल्या एका मुलाची आई आली. तिनं काउंटरवर विचारलं, सेन्सेई, म्हणजे बाई, कुठल्या? मी आत खडू-डस्टर लावत होते, हात तिथेच थांबला. तुम्ही नेहमीच्या आवाजात म्हणालात, “भारतातल्या. महाराष्ट्र नावाच्या राज्यातल्या. घरी मराठी बोलतात, इंग्रजी शाळेत शिकल्या. त्यामुळे शिकताना कुठे अडतं ते त्यांना ठाऊक आहे.”

त्या बाईंनी त्याच दिवशी मुलाचं नाव घातलं. पुढच्या महिन्यात दोन घरं मात्र दुसऱ्या शाळेत गेली, आणि मालकांनी तुम्हाला आत बोलावलं. दार बंद होतं, तरी आवाज येत होता. तुम्ही बाहेर आलात, पेन्सिलींचा डबा सरळ केलात आणि मला म्हणालात, “उद्याचा पहिला तास रद्द झालाय, दहाला आलात तरी चालेल.” आत काय झालं ते तुम्ही आजपर्यंत सांगितलेलं नाही. पुढेही जो कोणी विचारील त्याला तुम्ही तेच उत्तर देत राहिलात. थोड्याच महिन्यांत मोटारसायकलच्या कारखान्यातले ते अभियंते आले. आठवड्यातून दोनदा त्यांना पुण्याजवळच्या चाकणमधल्या लोकांशी फोनवर बोलावं लागायचं. भारतीय शिक्षिकाच हवी म्हणून ते तीन स्टेशनं ओलांडून येत होते. त्यांना तुम्ही माझ्या खोलीपर्यंत स्वतः घेऊन आलात. त्या दिवशीचं तुमचं चालणं मला अजून दिसतं.

इंग्रजी कसं शिकवायचं हे मी पुण्यात शिकले होते. जपानी मुलांना कसं शिकवायचं हे तुमच्यामुळे सापडलं. मुलं ‘बेड’ला ‘बेद्दो’ म्हणायची, ‘मिल्क’ला ‘मिरुकु’. मी पन्नास-पन्नास मिनिटं ‘बेड, बेड’ म्हणत राहायची आणि मुलं हिरमुसून जायची. एकदा दुपारी मोकळ्या वेळात तुम्ही माझ्या वहीतलं देवनागरी पाहून विचारलंत, हे कसं वाचायचं? मी ‘क’ लिहिला, मग त्याचा पाय मोडून ‘क्’ लिहिला. तुम्ही कितीतरी वेळ त्या तिरक्या रेघेकडे बघत होतात. मग म्हणालात, “आमच्याकडे ही रेघ नाही. एक ‘न्’ सोडला तर आमचं कुठलंच अक्षर स्वराशिवाय उभं राहत नाही. मुलांची चूक नाही, त्यांच्या हातात ही रेघच नाही.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुठ्ठ्याची कार्डं कापून आणलीत. त्यांवर इंग्रजी अक्षरं, आणि शेवटच्या व्यंजनाखाली लाल रेघ. लाल रेघ दिसली की तोंड तिथेच मिटायचं. तिसरीतल्या त्या मुलानं आठवड्याभरात ‘बेड’ म्हटलं आणि स्वतःच दचकला. तीच लाल रेघ आजही माझ्या प्रत्येक वर्गात आहे. ‘र’ आणि ‘ल’चंही तसंच. जपानी कानाला दोन्ही एकच वाटतात. जपानी ‘र’ म्हणताना जीभ टाळूला नुसती शिवून येते, जवळजवळ आपल्या ‘र’सारखी. म्हणून तो तसाच राहू द्यायचा आणि आधी ‘ल’ पक्का करून घ्यायचा, हे आपण दोघींनी आरशासमोर बसून ठरवलं. शिक्षक-प्रशिक्षणाच्या कुठल्याच वर्गात मला हे कुणी दिलं नव्हतं.

त्याच दिवसांत तुम्ही जपानी वर्णमाला म्हणून दाखवलीत. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी मध्येच आपली क, च, त, न, प, म, य, र, व म्हणायला लागले आणि आपण दोघी एकदमच थांबलो. क्रम जवळजवळ तोच होता. संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंकडून ही मांडणी आली, असं तुम्ही म्हणालात. सोमवारी वडिलांच्या थडग्यामागच्या लाकडी फळ्यांचा फोटो घेऊन आलात. त्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं होती, ज्यांना तुम्ही ‘बोंजी’ म्हणता. मला सगळी लागली नाहीत, पण ‘र’ ओळखीचा वाटला. वडिलांच्या नावानं उभ्या केलेल्या फळीवरचं अक्षर तुम्ही मला वाचायला दिलंत. त्या दिवसापासून मला त्या गावात परकं वाटलं नाही.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, आई-बाबा मिरजेला मावशीकडे होते. मी रजा मागितली. कंत्राटी परदेशी शिक्षकांना पगारी रजा नसते, असं उत्तर मिळालं. मी गुपचूप खाली मान घालून बाहेर आले. तुम्ही काही बोलला नाहीत. खणातून एक जाड पुस्तक काढलंत आणि कामगार मानक कायद्याचं ३९ वं कलम उघडून माझ्यापुढे ठेवलंत. सहा महिने नोकरी झाली आणि ठरलेल्या दिवसांपैकी ८० टक्के दिवस हजेरी असली की १० दिवसांची पगारी रजा. मग मागे जाऊन तिसरं कलम दाखवलंत. राष्ट्रीयत्वावरून कामगारात भेद करायचा नाही, हे त्या कायद्यात १९४७ सालापासून लिहिलेलं आहे. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, मला वाचता येत नव्हती, म्हणून तुम्ही एकेका शब्दाखाली बोट ठेवून सोप्या जपानीत सांगत गेलात. रजेचा अर्ज मात्र तुम्ही लिहून दिला नाहीत. माझ्याकडूनच लिहून घेतलात, चार वेळा. रजा मंजूर झाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही १९९५ चं सांगितलंत. १७ जानेवारी, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. भूकंपात तुमचं घर ‘अर्धं पडलेलं’ म्हणून नोंदलं गेलं होतं. तुम्ही म्हणालात, “घरी गेल्या गेल्या झाडू हातात घेऊ नका. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा. शेजारी मोजपट्टी धरा. प्रत्येक खोलीचा, चारही बाजूंनी. साफ केल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.” पाणी ओसरल्यावर मी पोचले तेव्हा आईनं पदर खोचून चिखल काढायला घेतलाच होता. तिला थांबवलं, बाबांच्या शिलाईकामाच्या टेपनं रेषा मोजल्या, फोटो काढले. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा ते फोटो आमच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या कामी आले. भूकंपातून तुम्ही शिकलेली गोष्ट कृष्णाकाठच्या तीन घरांना उपयोगी पडली, काकू. हे तुम्हाला मी नीट कधी सांगितलंच नाही.

शेवटच्या महिन्यांबद्दल फार लिहीत नाही. ७ एप्रिल २०२० ला आपल्या ह्योगोसह सात प्रांतांत आणीबाणी जाहीर झाली, वर्ग झूमवर गेले. मार्चचा पगार आला नाही, मग एप्रिलचा. ‘पुढच्या आठवड्यात’ हे शब्द आम्ही इतक्यांदा ऐकले की मुलंही ते इंग्रजीत म्हणायला शिकली असती. तुमचाही पगार थकलेला होता. तरी सरकारनं प्रत्येक रहिवाशाला दिलेल्या १ लाख येनचा अर्ज घेऊन तुम्ही माझ्या दारात उभ्या राहिलात, कारण तो परदेशी रहिवाशांनाही होता आणि माझ्या पेटीत पडलेलं पाकीट मी जाहिरात समजून बाजूला टाकलं होतं.

जूनमध्ये शाळा बंद झाली. माझ्या करारात आठवड्याला साडेएकोणतीस तास लिहिलेले होते. बऱ्याच शाळा हाच आकडा लिहितात. त्यामुळे पूर्ण वेळेचा कामगार म्हणून सामाजिक विम्यात नाव घालायचं टळतं, असा त्यांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात किती तास भरले याचा पुरावा कुठे होता? तुमच्या निळ्या वहीत. पहिल्या दिवसापासून प्रत्येक तास कधी सुरू झाला, कधी सुटला, कोण शिकवत होतं, हे तुम्ही तुमच्या बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. २००७ मध्ये देशातली सर्वांत मोठी इंग्रजी शाळांची साखळी, नोव्हा, बुडाली आणि हजारो परदेशी शिक्षक पगाराविना उरले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं होतंत. तेव्हापासूनची तुमची ही सवय. कामगार निरीक्षण कचेरीत आपण दोघी शेजारी बसलो. अधिकाऱ्यानं वही चाळली आणि वर न बघता विचारलं, हे कुणी लिहिलंय? तुम्ही हात वर केलात, शाळेतल्या मुलीसारखा.

मालक बुडाला तर थकलेल्या पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम सरकारी योजनेतून आगाऊ मिळते, हे मला त्या दिवशी कळलं. वेळ लागला, कागद पुष्कळ लागले, पण पैसे आले. नोकरी सुटल्याचं १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं असतं, तेही तुम्हीच आठवणीनं करून घेतलंत. जपानला निघालेल्या मुलींनो, तुमच्या शाळेत काउंटरवर काकू असतील-नसतील. पण एक वही घ्या, आणि पहिल्या तासापासून लिहा.

आता मी कोबेत दुसऱ्या शाळेत आहे. इथल्या माहितीपत्रकात माझ्या फोटोखाली ‘भारत, महाराष्ट्र’ असं छापलंय. मसुदा आला तेव्हा कुणाला न विचारता तो फोटो आधी तुम्हाला पाठवला होता. तुम्ही उत्तरात फक्त लाल रेघ पाठवलीत.

नोव्हेंबरात आई येतेय. तिला आकाशीचा समुद्रावरचा पूल बघायचाय आणि उओनोताना बाजारातून तुमच्याबरोबर मासळी घ्यायचीय. सांगलीची हळद आणि भडंग तिनं आत्तापासून बांधून ठेवलंय. तिला जपानी येत नाही, तुम्हाला मराठी येत नाही. मी मध्ये बसेन. हे पत्र तेव्हाच वाचायचंय, तर त्या दिवशी तेवढे हात हलवू नका.

तुमची,
दुसऱ्या खोलीतली सेन्सेई