टोबणी आणि दाखले एकाच महिन्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी अमरावतीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं वावर साडेतीन एकर, कोरडवाहू. पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासनाने जुलै 2024 मध्ये पूर्ण माफ केलं, म्हणूनच ती शिकते आहे. खोलीभाडं आणि मेस अजून माझ्याच माथी आहे, पण त्याचं रडगाणं नको. योजना चांगलीच आहे. माझी तक्रार वेळेची आहे.

उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो. मी शहाणपणा करून तो फेब्रुवारीत काढून ठेवला होता. ॲडमिशनच्या खिडकीवर तो बाद झाला. मग पुन्हा तलाठ्याचा अहवाल (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आमच्या तोंडी तलाठीच), पुन्हा सेतू केंद्र, पुन्हा तहसील. हे सगळं ऐन टोबणीत, म्हणजे बी टोबायच्या दिवसांत. मी रांगेत, आणि वावरात बायको एकटी.

जात वैधतेची, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्याची, कथा तर वेगळीच. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. माझे बाबा शाळेची पायरी चढलेच नाहीत. शेवटी थोरल्या काकांची 1952 ची नोंद गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडली. गुरुजींनी लोखंडी कपाटातून ते बाड काढलं, तेव्हा पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या. काकांचं नाव शाबूत होतं, जातीच्या रकान्यातलं शेवटचं अक्षर अर्धं गेलेलं. त्या अर्ध्या अक्षरापायी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि समितीकडे यवतमाळच्या तीन चकरा झाल्या.

बरं, महाडीबीटीवर (योजनेचे अर्ज भरायचं शासनाचं संकेतस्थळ) अर्ज मंजूर झाला, पैसे जमा झाल्याचा मेसेजही आला. पासबुकात मात्र एंट्री नाही. बँकेतला पोरगा म्हणाला, "काका, आधारची झेरॉक्स देल्ली म्हणजे सीडिंग होत नाही ना जी, त्याचा फॉर्म वेगळा." पैसे गेले होते मुलगी पाचवीत असताना काढलेल्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात, कारण आधार तिथेच जोडलेलं होतं. ते खातं वापराअभावी बंद पडलेलं. ते सुरू करायला मुलीला परीक्षेच्या आठवड्यात गावी यावं लागलं. कोणत्या बँकेला आधार जोडलंय हे आधारच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत दिसतं, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

यातलं एकही काम जून-जुलैपर्यंत लांबवायची गरज नाही. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. आमच्या मुलीच्या कॉलेजात त्याची सूचना फळ्यावर लागली होती म्हणे. पालकांपर्यंत आली नाही. उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडला की नव्या वर्षाचा मिळतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत वावरात फारसं काम नसतं. 1 मे रोजी ग्रामसभा असतेच. त्या दिवशी तलाठी, सेतूचालक आणि बँकमित्र (गावात बँकेची कामं करून देणारा) यांना एकाच ओट्यावर बसवावं आणि बारावीतल्या पोरांची नावं पुकारावीत. वेगळा निधी लागत नाही, टेबल-खुर्च्या शाळेत आहेत.

धाकटा यंदा अकरावीत आहे. बहिणीच्या वैधतेमुळे त्याचं काम हलकं होईल. ज्यांच्या घरात हे पहिल्यांदाच होणार आहे, त्यांच्या नोंदी त्याच कपाटात, त्याच वाळवीजवळ आहेत. निदान त्या रजिस्टरांचं स्कॅनिंग तरी पावसाळ्याआधी व्हावं, एवढी विनंती जिल्हा परिषदेपर्यंत आपल्यामार्फत पोहोचावी.

आपला,
एक शेतकरी पालक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ