तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: बालकल्याण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी पाळणाघर चालवते. तपासणीला येणारे अधिकारी स्वच्छतागृह, कॅमेरे, नोंदवह्या सगळं बारकाईने पाहतात. मुलं दिवसभरात किती खेळली-धावली, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

आमच्या दारात वीतभर उंचीची एक पायरी आहे. अडीच वर्षांची एक मुलगी तिच्यावरून बसून घसरत उतरायची. पुढे भिंतीला हात लावून एकेक पाय टाकू लागली. मग कित्येक दिवस नुसतीच काठावर उभी राहायची, खाली बघायची आणि मागे फिरायची. हात धरला की चिडायची. एका सकाळी तिने दोन्ही पाय जुळवून उडी मारली, हातांवर पडली, उठली आणि लगेच पुन्हा पायरी चढली. त्या दिवशी तिला थांबवणं कुणाला जमलं नाही.

शारीरिक साक्षरता म्हणतात ती हीच. या साक्षरतेत अंगातल्या कसबाइतकाच आत्मविश्वास आणि हालचालीची ओढ धरलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे: एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी किमान १८० मिनिटं हालचाल हवी; तीन-चार वर्षांच्यांना त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. न रांगणाऱ्या बाळांना जागेपणी, दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं. एका वेळी तासाहून जास्त कुणालाही बाबागाडीत वा खुर्चीत अडकवून ठेवू नये. मूल आठ-नऊ तास आमच्याकडे असतं. मग हे आमच्याकडेच व्हायला हवं, दमून आलेल्या आईवडिलांवर ढकलून कसं चालेल?

गाडी अडते ती भीतीपाशी. गुडघा खरचटला की पालक जाब विचारतात, ताई धास्तावतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी पोरं सतरंजीवर हाताची घडी घालून बसतात. सुरुवातीची काही वर्षं मीही त्यांना असंच बसवलं, याचं आज वाईट वाटतं.

महागडी साधनं नकोत. उशा, चेंडू, खडूने आखलेली रेघ पुरते. पण एका ताईच्या पदरात फार मुलं असली तर ती त्यांना बसवूनच ठेवणार. ती संख्या आधी कमी करा. ताईंच्या प्रशिक्षणात खेळ आणा. खरचटणं आणि हलगर्जीपणा यांतला फरक नियमांत स्पष्ट लिहा. आणि तपासणीच्या तक्त्यात 'आज मुलं किती वेळ खेळली?' हा रकाना वाढवा. तो रोज भरायला मी तयार आहे.

आपली,
एक पाळणाघरचालक