विशेष शिक्षिकाबाईंना, रत्नागिरीच्या खाडीकाठच्या शाळांकडून

प्रिय बाई,
सादर नमस्कार.

'पाठ होत नाही म्हणजे लक्षच देत नाही' हे वाक्य आमच्या वर्गांतून तुम्ही घालवलंत. अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकणं अवघड जाणाऱ्या मुलाला लक्षात ठेवायची युक्ती सहसा आपणहून सुचत नाही, ती शिकवावी लागते. त्यासाठी हे जाहीर आभार.

'वही काढ, तारीख घाल, पान 12 उघड, तिसरं गणित सोडव' असं एका दमात सांगितलं की कार्यरत स्मृतीवर, म्हणजे ऐकलेलं काम होईपर्यंत मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर, भार येतो आणि मधल्या सूचना गळतात. एका वेळी दोनच सूचना द्यायच्या, त्या मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगायच्या, मग पुढच्या, हा तुमचा नियम.

सगळ्यात मोठं ऋण आकड्यांचं. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल 74 लिहितं. तुम्ही दोन चौकटी दिल्यात: आधी ऐकलेला सात उजवीकडे, नंतरचे चाळीस म्हणजे चार डावीकडे. 'एकोणचाळीस'ला मात्र ही चौकट फसते. कानात 'चाळीस' उरतं आणि वहीत 49 उमटतं. तिथे 30 ते 40 ची पट्टी, बोट चाळीसवर, आणि एक घर मागे. दहा वेळा लिहून घेण्याने ही चूक उलट पक्की होते, हे किती पालकांना सांगावं!

नद्यांसाठी सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांचं 'सावा-शाका' आम्हाला सोपं वाटलं होतं. पण ज्याला स आणि श यांतला फरक ऐकूच येत नाही, त्याला आद्याक्षरं गोंधळात टाकतात. त्याच्यासाठी तुम्ही नकाशा निवडलात: बोट उत्तरेकडून दक्षिणेकडे, बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, आणि प्रत्येक खाडीपाशी नदीचं नाव मोठ्याने.

मग पुस्तक मिटून विचारायचं: दहा मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने. चुकलं तर ताटकळत न ठेवता लगेच उत्तर सांगायचं आणि मिनिटभराने पुन्हा विचारायचं, नाहीतर चुकीचंच उत्तर डोक्यात बसतं. नाव आठवायला मदत म्हणून दिलेलं कार्डही एकदम काढायचं नाही. आधी पूर्ण नाव, मग पहिलं अक्षर, मग कोरं. आम्ही घाई करतो ती नेमकी इथेच. तुम्ही कधी केली नाहीत.

जूनमध्ये नवी मुलं येतील. पट्ट्या आणि कोरी कार्डं कापून तयार आहेत.

आपले ऋणी,
खाडीकाठच्या शाळांतील शिक्षक